हत्ती दारी झुलेल, पण चाऱ्याचे काय?

*एकेकाळी स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबणाऱ्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात आता तरुण मुले जुन्या बाजारात ‘सुपरकार’ शोधू लागली आहेत. शोधायला हरकत नाही. मात्र जुन्या गाडीची किंमत उतरलेली असते, तिचा खर्च उतरलेला नसतो, हे साधे गणित घरोघरी मांडायची वेळ आली आहे.*

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. सकाळी मी नव्या सांगवीतल्या आमच्या घराच्या गॅलरीत चहा घेत बसलो होतो. समोरच्या घरातला मुलगा जिना चढून वर आला. मुलगा म्हणायचा तो माझ्या वयामुळे. तो आता चौतिशीचा आहे आणि भोसरीत त्याचे स्वतःचे छोटे वर्कशॉप आहे. त्याचे वडील टेल्कोत होते. माझ्या बँकेच्या नोकरीत आणि त्यांच्या पाळ्यांत जेवढी सवड मिळे तेवढ्यात आमची मैत्री झाली आणि टिकली. ते जाऊन आता सहा वर्षे झाली.

मुलाने मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर एक लाल, बसकी, दोन आसनांची जर्मन गाडी होती. ‘काका, बारा वर्षांची आहे. तेव्हा नवी सव्वा कोटीला होती, आता पंचेचाळीस लाखांत मिळतेय. असा चान्स परत येणार नाही.’

मी म्हटले, ‘छान आहे. पण यात माझे काय काम?’

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, ‘तीस लाखांचं कर्ज होतंय. पंधरा लाख कमी पडतात. आईची पावती मोडायची म्हणतोय. ती म्हणाली, आधी भाऊजींना विचार.’

वाचकहो, बँकेत तीसेक वर्षे काढलेल्या माणसाला ‘पावती मोडायची’ हे शब्द ऐकले की आजही टेबलाची घंटी वाजल्यासारखे होते. मुदत ठेवीची पावती मोडायला येणारा माणूस सहसा तीन कारणांनी येतो: दुखणे, लग्न किंवा जागा. सुपरकार हे चौथे कारण माझ्या नोकरीच्या काळात कधी कोणी सांगितले नव्हते. मी त्याला ‘आठ दिवसांनी ये’ म्हटले आणि त्या आठ दिवसांत जे वाचले, विचारले, आकडेमोड केली, ते आज आपल्यासमोर ठेवतो आहे. कारण ही एका घराची गोष्ट राहिलेली नाही.

गाड्यांच्या माहेरची माणसे

आमच्या भागाला मोटारीचे वेड बाहेरून आले नाही. १९६०च्या दशकात पिंपरीला टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत आणि नंबर लागला की पेढे वाटत. १९९५ साली मर्सिडीज-बेंझ पिंपरीत, टेल्कोच्याच आवारात तयार होऊ लागली, तेव्हा रविवारी कुटुंबासह ती ‘बघायला’ जाणारी माणसे मी पाहिली आहेत. १९९८च्या अखेरीस इंडिका आली आणि मध्यमवर्गाला आपल्या गावची मोटार मिळाली. २००८ मध्ये टाटांनी जग्वार लँड रोव्हर विकत घेतली. २००९ मध्ये मर्सिडीज चाकणला गेली, त्याच वर्षी फोक्सवॅगननेही चाकणला कारखाना उघडला. ज्या फोक्सवॅगन समूहाकडे पोर्शे, ऑडी, बेंटली आणि लॅम्बोर्गिनी ही नावे आहेत, त्याचे एक धुराडे आपल्या जिल्ह्यात आहे.

या पट्ट्यातल्या हजारो घरांत गाडी हे कामाचे नाव आहे. बाप ज्या गाडीचे नट आवळत होता, ती आपण कधीतरी चालवावी असे मुलाला वाटले तर त्यात नवल नाही आणि पापही नाही. जमिनीचे पैसे आले तेव्हा गुंठ्यागुंठ्याने शेत विकून एका रात्रीत मोठ्या गाड्या दारात लावणाऱ्यांची आपण ‘गुंठामंत्री’ म्हणून थट्टा केली. पण आमचा हा मुलगा त्यांतला नाही. तो दिवसाचे बारा तास मशीनपाशी उभा राहतो. त्याच्या हौसेची थट्टा करायचा अधिकार मला नाही. हिशेब करायचा मात्र आहे.

किंमत म्हातारी होते, खर्च नाही

जुन्या महागड्या गाडीचे सारे मर्म एका वाक्यात आहे: गाडीची किंमत म्हातारी होते, खर्च तरुणच राहतो. सव्वा कोटीची गाडी बारा वर्षांनी पंचेचाळीस लाखांना मिळते. पण तिचा ब्रेक, तिचा क्लच, तिचा दिवा, तिचा टायर पंचेचाळीस लाखांच्या गाडीचा होत नाही. तो सव्वा कोटीच्याच गाडीचा राहतो. शिवाय बारा वर्षांत त्या सुट्या भागाची किंमत वाढलेली असते आणि तो परदेशातून येतो.

आता मुलाचा हिशेब पाहू. तीस लाखांचे कर्ज, पाच वर्षे, व्याज बारा टक्के धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे ६६,७०० रुपये होतो. पाच वर्षांत एकूण सुमारे ४० लाख भरायचे, म्हणजे व्याजच दहा लाख. आईच्या पंधरा लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला १,०५,००० रुपये व्याज येते, म्हणजे महिन्याला ८,७५०. हे व्याज गेले. गाडी जागची हलण्याआधीच महिन्याला ७५,४५० रुपये झाले.

मग दुरुस्ती, टायर आणि विमा. माझा ठोकताळा असा की, अशा गाडीसाठी तिच्या आजच्या नव्हे, मूळ नव्या किमतीच्या चार टक्के रक्कम दरवर्षी बाजूला ठेवावी. सव्वा कोटीचे चार टक्के म्हणजे पाच लाख. महिन्याला ४१,६००च्या वर. एकूण १,१७,००० रुपये महिना, आणि यात पेट्रोल नाही. पाच वर्षांत हे सत्तर लाख झाले. त्यात आईचे पंधरा लाख मिळवा. पंचेचाळीस लाखांची ‘स्वस्त’ गाडी पंच्याऐंशी लाखांना पडली. पाच वर्षांनी विकून जे काही हाती येईल ते यातून वजा करायचे. पण तेव्हा ती सतरा वर्षांची असेल.

सतरा वर्षांचे आणखी एक दुखणे आहे. पंधरा वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क साध्या मोटारीला पाच हजार आणि आयात केलेल्या मोटारीला चाळीस हजार रुपये झाले.

विम्यात तर पुष्कळांची फसगत होते. गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी झाली की तिची विम्याची किंमत कोष्टकावरून ठरत नाही, कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. अपघात झाला तर सुट्या भागांवर घसारा कापला जातो: रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा, आणि गाडी दहा वर्षांपुढची असेल तर धातूच्या भागांवरही निम्मा. म्हणजे चार लाखांचा पुढचा बंपर फुटला तर दोन लाख आपले. नव्या गाडीला मिळणारे घसारामुक्त संरक्षण इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. आणि विक्रेता ‘पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे’ असे सांगत असेल तर तो बोनस त्याचा आहे, गाडीचा नाही. गाडीबरोबर तो आपल्याकडे येत नाही.

सांगवीकरांसाठी एक जादा सूचना. पावसाळ्यात धरणांतून पाणी सोडले की पवना आणि मुळा आमच्या दाराशी येतात. जुन्या सांगवीच्या नदीकाठच्या वस्तीला ते नवे नाही. पाणी शिरलेल्या गाडीचे बटण दाबले आणि इंजिन आत पाणी ओढून अडकले, तर साध्या विम्यात त्याची भरपाई सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. तळमजल्यावर किंवा तळघरात बसकी गाडी ठेवणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

बाजाराचे वारे

‘काका, पण किमती वाढतच जातात,’ असे मुलगा म्हणाला होता. वाढतातही, पण नेहमी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरचा जीएसटी, पूर्वी उपकर धरून पन्नास टक्क्यांपर्यंत जात असे, तो चाळीस टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीची किंमत आपोआप खाली ओढली जाते. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात तिथल्या मोटारींवरचा शंभर टक्क्यांवरचा आयात कर, ठरावीक संख्येपुरता, टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांपर्यंत उतरवण्याचे कलम आहे. आपल्याकडच्या जुन्या परदेशी गाडीच्या किमतीत जुना आयात कर मुरलेला असतो. कर उतरतील तसा तो मुरलेला पैसा विरघळणार. म्हणून ‘गुंतवणूक’ हा शब्द या खरेदीतून आधी काढून टाकावा. ही हौस आहे. हौसेला हौस म्हटले की हिशेब सरळ होतो.

आणखी एक. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांवर अठरा टक्के कर ठरवला, तेव्हा घरोघर घबराट झाली. तो कर व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे, पूर्ण किमतीवर नाही. आणि दोन खासगी माणसांतल्या व्यवहाराला तो लागत नाही. व्यापारी पूर्ण किमतीवर अठरा टक्के मागत असेल तर तिथूनच परत फिरावे.

आधी कागद, मग चाके

मुलाने दाखवलेल्या गाडीचा नंबर दिल्लीचा होता. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर वयाची बंधने आली, तेव्हापासून तिथल्या पुष्कळ गाड्या आपल्याकडे कमी भावात येतात. काही गाड्यांवर पुदुच्चेरीचा नंबर असतो, कारण तिथे कर कमी. २०१७ मध्ये केरळात याच कारणावरून नामवंत सिनेकलावंतांच्या गाड्यांची चौकशी झाली होती.

परराज्यातली गाडी स्वस्त का, याचे उत्तर आपल्या आरटीओत मिळते. बारा महिन्यांहून अधिक काळ ती महाराष्ट्रात राहणार असेल तर इथली नोंदणी करावी लागते. मूळ आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, आणायचा आणि इथला कर गाडीच्या वयानुसार नव्याने भरायचा. मूळ राज्याकडून कराचा परतावा मिळवण्याची पायपीट वेगळी. हा सारा खर्च आणि वेळ त्या पंचेचाळीस लाखांत नव्हता.

कर्जाच्या कागदपत्रांनीच माझे अर्धे आयुष्य गेले, म्हणून हे ठासून सांगतो. आरसी बुकावर आधीच्या बँकेचा बोजा असेल तर नुसते ‘कर्ज फिटले आहे हो’ चालत नाही. बँकेची सही असलेला फॉर्म ३५ आरटीओत जाऊन बोजा उतरला पाहिजे. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. चेसिस आणि इंजिनाचा नंबर आरसीवर वाचायचा नाही, गाडीवर वाचायचा आणि मग सरकारच्या ‘वाहन’ नोंदीशी जुळवायचा. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणे २०१७ पासून कायद्याने बंद आहे. ‘दहा चेकने, पाच कॅश’ असे कोणी म्हणाले तर तो कर वाचवत नाही, आपल्याला अडकवतो.

आणि गाडी विकणाऱ्यानेही झोपू नये. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, गाडी प्रत्यक्षात विकली गेली असली तरी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. चार हात फिरलेल्या गाडीत पहिलाच माणूस पकडला जातो.

अवंतीची आठवण

हे सगळे फाजील संशयीपण वाटत असेल तर आपल्याच घरची एक गोष्ट आठवा. परदेशी सुपरकार परवडत नाही म्हणून देशी बनावटीची वेगवान गाडी करण्याचे स्वप्न आपल्याकडे नवे नाही. गोव्यात १९९८च्या सुमारास ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी उघडी गाडी तयार झाली. अलिबागेत ‘चिंकारा’ झाली. आणि २०१२च्या जानेवारीत दिल्लीच्या वाहनमेळ्यात प्रसिद्ध वाहनरचनाकार दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेने ‘डीसी अवंती’ मांडली. आसनांच्या मागे बसवलेले दोन लिटरचे रेनॉचे टर्बो इंजिन, अडीचशे अश्वशक्ती, आणि किंमत एखाद्या बऱ्या जर्मन सेदानएवढी. ‘भारताची पहिली सुपरकार’ म्हणून तिचे कौतुक झाले. मर्यादित पैशांत सुपरकार हवी असणाऱ्यांसाठी ती जणू उत्तरच होती.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रिया यांना अटक केली. एकाच गाडीची वेगवेगळ्या ठिकाणी नोंदणी करून तिच्यावर एकाहून अधिक कर्जे उचलली गेली, असा पोलिसांचा आरोप होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे कोर्टाचे तत्त्व आपणही पाळू या. पण जुन्या गाडीच्या गिऱ्हाइकाने त्यातून एक धडा घ्यायला हवा: ज्याला गाडी विकली जाते त्याच्या हातात कागद असतात, आणि ते कागद खरे दिसतात. ते जुळवून पाहण्याचे काम आपलेच.

दुसरा धडा साधा आहे. मोजक्याच संख्येने झालेल्या गाड्यांची काच, दाराची कडी, दिवा कोणत्या दुकानात मिळणार? इंजिन रेनॉचे म्हणून कदाचित सापडेल. पत्रा आणि काच सापडणार नाही. दुर्मीळ गाडी घेताना आपण तिची दुर्मीळ कडीही विकत घेत असतो.

रस्ता सगळ्यांचा

आता रस्त्याचे बोलू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे पसरट असावा. आमच्या सांगवी-पिंपळे गुरवच्या गल्ल्यांतले गतिरोधक कोणत्या मापाचे आहेत, ते आपल्या कमरेला विचारा. या बसक्या गाड्यांचे पोट जमिनीपासून साधारण दहा-बारा सेंटिमीटरवर असते. काहींना पुढचे नाक वर उचलण्याची सोय असते. जुन्या गाडीत ती चालते का, हे घेण्याआधी चार वेळा वरखाली करून बघावे. एरवी कृष्णा चौकापर्यंत जाऊन येणे हीसुद्धा एक मोहीम होईल.

पण खरा प्रश्न पोट घासण्याचा नाही. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवत होता सतरा वर्षांचा मुलगा. नंतर कळले की त्या गाडीची कायम नोंदणीच झालेली नव्हती. आरटीओचे १,७५८ रुपयांचे शुल्क भरायचे राहिले होते. कोट्यवधींच्या गाडीपुढे १,७५८ रुपये. मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा सारा देश हळहळला आणि संतापला.

त्या पहाटेचा दोष गाडीच्या नावाला देऊन चालणार नाही. पण ज्या घरात इतकी वेगवान गाडी येते, त्या घरात किल्ली कुठे टांगली जाते, हा प्रश्न गाडीबरोबरच येतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. हा कायदा ज्या घरांना ठाऊक नाही, त्या घरांनी सुपरकारचा विचारच करू नये.

मग घ्यायची कोणती?

आठ दिवसांनी मुलगा आला. मी त्याला ‘घेऊ नकोस’ म्हटले नाही. नुसते नको म्हणणारा बँकवाला कोणाला आवडत नाही, आणि ते कामही सोपे असते. मी त्याला एका कागदावर काही ओळी लिहून दिल्या.

पहिली: खिशात जेवढे आहेत त्याच्या दोन तृतीयांशाचीच गाडी बघ. उरलेला तिसरा हिस्सा पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीचा. तो खर्चावा लागला नाही तर आनंदच आहे.

दुसरी: आधी वर्कशॉप शोध, मग गाडी. या गाडीचा संगणक वाचणारे यंत्र आणि हात असलेला माणूस पुणे-मुंबईत आहे का? नसेल तर ती ट्रकवर घालून न्यावी लागेल.

तिसरी: ज्या गाडीची भावंडे पुष्कळ आहेत ती घे. ऑडीच्या आर-एट या गाडीत लॅम्बोर्गिनीशी नाते सांगणारे दहा सिलिंडरचे इंजिन असते, म्हणून लोक तिला भुलतात. पण तुझ्या पैशांत बसणारी तिची चुलत भावंडे, म्हणजे साध्या इंजिनाच्या दोन आसनी गाड्या, चालवायला तेवढ्याच गमतीच्या असतात. फोर्डची मस्टँग २०१६ मध्ये पासष्ट लाखांच्या आसपास आपल्याकडे आली, पाच लिटरचे इंजिन घेऊन. त्याच वर्षी आलेली निसानची जीटी-आर दोन कोटींची होती. दोन्ही वेगवान, पण त्यांच्या दुरुस्तीच्या बिलांत जमीन-अस्मानाचे अंतर. आणि फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवायचे ठरवले, हेही लक्षात ठेव. सुटा भाग किती दिवसांत येतो ते आधी विचार.

चौथी: सकाळी जा आणि इंजिन थंड असताना सुरू करायला सांग. आधीच गरम करून ठेवले असेल तर ‘उद्या येतो’ म्हण. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जाळी शाबूत दिसली तरी जुने रबर वेगात दगा देते. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज किंवा कुबट वास असेल तर गाडीने पूर पाहिलेला आहे. दुसरी किल्ली आणि सर्व्हिसची वही मागून घे; नुसते किलोमीटर वाचू नकोस, ते बदलता येतात.

पाचवी: त्रयस्थ माणसाकडून तपासणी करून घे. दहा-वीस हजार जातील. पंचेचाळीस लाखांच्या तारणाची पाहणी न करता एकाही बँकेने कर्ज दिले नसते; मग आपण का द्यावे?

सहाव्या ओळीत फक्त एक आकडा होता: ८,७५०. त्याने विचारले, ‘हे काय?’ मी म्हटले, ‘हे तुझ्या आईचं महिन्याचं व्याज. तिची गोळ्या-औषधं, भिशी, नातवाच्या वाढदिवसाचं पाकीट. हे पैसे ती कोणाकडे मागत नाही. गाडी घेतलीस की तिला तुझ्याकडे मागावे लागतील. तू देशीलच, त्याबद्दल मला शंका नाही. पण मागावे लागतील.’

तो काही बोलला नाही. कागद घडी करून खिशात घातला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनी डब्यात थालीपीठ घेऊन आल्या. दारातच म्हणाल्या, ‘भाऊजी, त्याला गाडी घेऊ द्या हो. त्याच्या बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या जोडल्या. फक्त माझ्या पावतीला हात नको.’

मला वाटते, माझ्या सहा ओळींपेक्षा या दोन वाक्यांत अधिक अर्थशास्त्र आहे. हौस ज्याची, जोखीम त्याची. बापाच्या कष्टाचे स्मरण म्हणून मुलाने जरूर गाडी घ्यावी, पण आईच्या म्हातारपणावर नको. नव्या पैशाच्या या पट्ट्यात एवढी एक रेघ आखता आली तर पुष्कळ घरांचे भले होईल. आधी आपल्या शेतांची जागा कारखान्यांनी घेतली, मग त्या जागेच्या पैशांची जागा गाड्यांनी घेतली. आता निदान आयांच्या पावत्या तरी जागच्या जागी राहू देत.

लाल गाडी दरम्यान कोणीतरी घेतली. मुलाने भोसरीच्या वर्कशॉपसाठी नवे मशीन पाहायला सुरुवात केली आहे आणि बँकेत गाडीच्या नावाने वेगळे आवर्ती खाते उघडले आहे. परवा भेटला तेव्हा म्हणाला, ‘काका, तीन वर्षांनी घेणार. तीसचीच घेणार. पहिली चक्कर तुम्हाला.’

मी होकार दिला आहे. गतिरोधक तोवर मापात आले तर बरे होईल.